मागचं टोक

१

सन २०१२ चा हिवाळा. जानेवारी सरत आला होता आणि थंडी काही हलायला तयार नव्हती. त्या थंडीत माझा जोडीदार गेला. कशाने गेला ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही सांगता येईल असं नाही. पण मी तिथे होतो आणि डॉक्टर नव्हते. म्हणून लिहितो.

माझं शिक्षण फार नाही. अक्षर बरं आहे. पाहिलं तेवढंच लिहीन. जास्त लिहायची सवय नाही आणि कमी लिहिलं तर त्याच्यावर अन्याय होईल.

आम्ही काच वाहायचो. दुकानातून मोठी शीट गाडीत घालायची, गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायची, जिन्याने वर न्यायची आणि चौकटीत बसवायची. हे काम एकट्याचं नव्हे. दोघांचं आहे, आणि दोघं ठरलेले असावे लागतात. काच उभी नेतात. आडवी धरली तर ती स्वतःच्याच वजनाने मोडते. एकाने पुढचं टोक धरायचं, दुसऱ्याने मागचं. एक हात खालच्या काठाला, दुसरा वरती बाजूला. पुढच्याने रस्ता पाहायचा. मागच्याने रस्ता पाहायचा नाही, पुढच्याच्या टाचा पाहायच्या. रस्ता पाहिला की पाऊल चुकतं.

जोडीदार उंच होता. सगळे त्याला लांब्या म्हणत. तो पुढे, मी मागे. दुकानात मला ठेंगू म्हणतात असं कानावर होतं. तोंडावर कोणी म्हटलं नाही.

रस्त्यात आवाज असतो, जिन्यात दम लागतो, म्हणून काचवाले तोंडाने फार बोलत नाहीत. काचेवर बोटाचं पेर वाजवतात. पुढच्याने एक ठोका द्यायचा. म्हणजे मी तयार आहे. मागच्याने दोन द्यायचे. म्हणजे मीही तयार, उचल. काचेतून तो ठोका थेट तळहातात येतो. कानाची गरज नाही.

यात एकच नियम आहे. दोन दिले की वजन तुझं. मग खाज सुटो, शिंक येवो, घरून कोणी हाक मारो. दोन दिल्यावर माघार नाही. ज्याने दोन देऊन सोडलं त्याच्याबरोबर पुन्हा कोणी काच उचलत नाही.

आम्ही म्हातारे होईपर्यंत एकत्र काच उचलली. एक त्याचा, दोन माझे. हे कधी बदललं नाही.

२

एकदा एका जुन्या इमारतीत जाड काचेची शीट वर नेत होतो. लांब्या वरच्या पायरीवर, मी खाली. माझ्या पायाखालची पायरीची कड तुटली. मी गुडघ्यावर आलो आणि माझं टोक सुटलं. शीट माझ्या डोक्यावर होती.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. ओरडायचं आणि सोडून बाजूला उडी मारायची. काच गेली तर जाऊ दे. पण लांब्याने सोडलं असतं तर ती माझ्यावर आली असती. त्याने सोडलं नाही. दोघांची काच त्याने एकट्याने धरली. हातमोजा फाटला, मग तळहात. मी खालून निघालो, पाय रोवला, माझं टोक पुन्हा हातात घेतलं. तोवर तो हललाही नव्हता. वरून रक्ताचा एक ओघळ काचेवरून सावकाश माझ्याकडे येत होता, आणि त्याच्यामागे लांब्याचा चेहरा होता. रागावलेला नाही, घाबरलेला नाही. फक्त कामात असलेला.

मग त्याने एक ठोका दिला. मी दोन दिले. वर गेलो. काच बसवली. गिऱ्हाईक यायच्या आत त्याने स्वतःच रक्त पुसलं.

नंतर चहा पिताना हाताला फडकं गुंडाळून म्हणाला, "माझी एक खेप राहिली तुझ्याकडे."

"कसली खेप?"

"दोघांची एकट्याने धरली की नाही? आता एक तुझी बाकी."

"लिहून देऊ का?"

"तुझं अक्षर कोण वाचणार? लक्षात ठेव म्हणजे झालं."

पुढे हा त्याचा आवडता विनोद झाला. मी काही मागितलं की म्हणायचा, आधीची खेप फेड. मी फेडतो म्हणायचो. दोघांपैकी कोणी कधी मनावर घेतलं नाही, असं मला वाटत होतं.

३

त्याचा आजार जगात सगळ्यांत आधी मला कळला. त्याच्या बायकोच्याही आधी. काच नेत असताना माझ्या तळहातात गुणगुण यायला लागली. बारीक, एकसारखी. मधमाशी काचेत अडकावी तशी. मी म्हटलं गाडीचं इंजिन चालू असेल. इंजिन बंद होतं. ती गुणगुण पुढच्या टोकाकडून येत होती.

आम्ही तशीच काच नेत राहिलो. एक दिवस काच गाडीत लावून झाल्यावर त्याने हातमोजे काढले, घडी केले आणि माझ्या खिशात घातले.

"असू देत तुझ्याकडे," म्हणाला. "मी मोडीन एखादी."

त्या दिवशी मीही काम सोडलं. दुसऱ्याच्या टाचा पाहायची मला हौस नव्हती.

डॉक्टर त्या आजाराला पार्किन्सन म्हणत. वहिनी, म्हणजे त्याची बायको, कंपवात म्हणत. लांब्या म्हणायचा, उजवा हात बिनपगारी कामाला लागलाय. काही वर्षांत पावलं बारीक झाली, आवाज खाली गेला, चेहरा थिजल्यासारखा झाला. मजेचं बोलला तरी चेहऱ्यावर काही नसायचं. "हसतोय मी," तो सांगायचा. "चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो."

वहिनी दुपारी एका दवाखान्यात चादरी शिवायला जात. त्या वेळी मी त्याच्याकडे बसायचो. माझी बायको वारल्यापासून मला घरी कोणी वाट पाहणारं नव्हतं. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली, तिला एक मोठी खिडकी, काचेचं एक कपाट, लाकडी हातांची खुर्ची, आणि जिन्याकडे उघडणारं दार. खिडकी आणि कपाट दोन्हींची काच आम्हीच बसवलेली.

निघताना वहिनी रोज सांगत, "भावजी, चहा अर्धाच कप द्या यांना. पूर्ण दिला की निम्मा शर्ट पितो."

"शर्टालाही तहान लागते," लांब्या म्हणायचा.

एकदा त्या दारात थांबल्या. "तुम्ही दोघं बोलता तरी काय एवढं?"

"बोलत नाही."

"मग करता काय?"

"बसतो."

"नुसतं बसायला एवढ्या लांबून येता?"

"हो."

त्या हसल्या. मग चप्पल घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "येत जा. मी नसताना काही झालं तर... एकटे असताना नको, भावजी. बाकी काही मागणं नाही माझं."

मी मान हलवली. आजारी माणसाच्या घरात असं बोलणं होतंच. पण ते माझ्या अंगावर पडलं.

४

या आजारात माणूस चालता चालता दारात अडकतो. मोकळ्या खोलीत बरा चालतो आणि उंबरठ्याशी आला की पाय जमिनीला चिकटतात. ढकललं तर पडेल. ओढलं तरी पडेल. वहिनी बिचाऱ्या विनवण्या करत.

मी एक दिवस काही न ठरवता दाराच्या चौकटीवर पेराने ठोकलं. दोनदा. त्याचा पाय उचलला गेला. मुकाट्याने, जणू काही झालंच नाही, तसा तो उंबरठा ओलांडून गेला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, हुशार होत्या. मी सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "असं होतं, काका. मेंदूत जिथे वाट अडते तिथून निरोप जात नाही. ठोका, ताल, जमिनीवरची रेघ, असं काही मिळालं की दुसऱ्या वाटेने जातो. तुमचं बरोबर आहे. करत राहा."

मी निघालो तशी त्यांनी मला थांबवलं. वहिनी बाहेर होत्या.

"त्यांची तब्येत चांगली आहे. हृदय, छाती, सगळं ठीक. पण तुम्ही रोज असता म्हणून सांगून ठेवते. या आजाराची माणसं बहुतेक वर्षानुवर्षं काढतात. थोडी मात्र अचानक जातात. आदल्या दिवशी ठीक, दुसऱ्या दिवशी नाहीत. तपासलं तरी काही सापडत नाही. तसं होईल असं म्हणत नाही मी."

"का जातात?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अजून कोणालाच नीट माहीत नाही."

मला त्यांचं ते बोलणं आवडलं. माहीत नाही म्हणायला छाती लागते.

५

थंडीतली दुपार. खिडकीतून ऊन थेट खुर्चीवर येत होतं. लांब्याला डुलकी लागली होती. हा कंप झोपेत थांबतो. जागेपणी खुर्चीच्या हातावर त्याची बोटं एकसारखी वाजत असत, आणि तो आवाज मला घड्याळासारखा झाला होता. असला की कळायचा नाही, थांबला की कळायचा. तसा तो थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. हात निवांत पडला होता.

मग त्या निवांत हाताचं मधलं बोट वर झालं आणि लाकडावर पडलं. टक. टक. लगेच पाठोपाठ टकटक, टक, टकटकटक. हात पुन्हा सुरू झाला होता. लांब्याने डोळे उघडले.

मी स्वतःला म्हटलं, कंप आहे, सुरू होताना अडखळला असेल. पण मला बसवेना. पहिले दोन ठोके कंपाचे नव्हते. ते दिलेले होते. आणि ते दोन होते.

लांब्याने आयुष्यात कधी दोन दिले नव्हते. तो एक देणारा. दोन माझे.

"स्वप्न पडलं का रे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि खिडकीकडे पाहत राहिला.

पुढच्या दुपारी मी लक्ष ठेवलं. ऊन खुर्चीवर आलं, हात थांबला. त्या शांततेत खिडकीच्या काचेवर एक ठोका पडला.

एकच. फार जोराचा नव्हे. बाहेरून चिमणी धडकते तो आवाज वेगळा, ऊन लागून काच ताणते तो वेगळा. आवाज ओळखायला मला कोणाला विचारायला नको. तो पेराचा ठोका होता. लगेच लांब्याच्या बोटाने दोन दिले, आणि मागून कंपाने तिसरा, चौथा, पाचवा. सगळा गोंधळ झाला. खिडकी गप्प राहिली.

थोड्या वेळाने पुन्हा एक ठोका पडला. शांत, पहिल्यासारखाच. चिडलेला नाही. वाट पाहणाऱ्या माणसाचा.

खिडकीबाहेर सज्जा नाही. खाली सरळ रस्ता आहे.

६

मी भित्रा नाही. कारण शोधलं. खिडकीच्या काचेभोवतीची पुट्टी जुनी झाली होती. ती खरवडून काढली आणि नवीन भरली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चांगली खिडकी कशाला उकरताय?"

"वाजते."

"मला नाही ऐकू आली कधी."

"तुम्ही दुपारी नसता."

पुट्टी वाळली. दुपारी ठोका कपाटाच्या काचेत आला.

मी कपाटाची दारं उतरवली, गोधडीत गुंडाळली आणि आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघांना काम सोडून करमत नाही. आता घराचं दुकान करा." लांब्या म्हणाला, "हसतोय मी."

दुपारी ठोका टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात आला. पाण्यावर एक गोल वर्तुळ उमटलं, कडेला गेलं आणि विरलं. मी पेला उचलून पाणी कुंडीत ओतलं आणि त्या जागी स्टीलचा पेला ठेवला. आता खोलीत खिडकीशिवाय काच नव्हती, आणि खिडकी मी हाताने दाबून धरली होती. तळहात सपाट काचेवर ठेवून मी उभा राहिलो. काच थंड होती. गप्प होती.

ठोका माझ्या चष्म्यात पडला.

दोन्ही डोळ्यांपुढे सगळी खोली एकदा थरारली आणि थांबली. आवाज बाहेरून आलाच नाही. नाकाच्या हाडावर आला. मागे वळून पाहिलं तर लांब्या माझ्याकडेच पाहत होता.

"ऐकलंस," तो म्हणाला. विचारलं नाही.

७

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

"कोण आहे?"

"पुढचा."

"पुढे तू असतोस."

"या वेळी मी मागे." त्याचा आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं. पण त्यात एक ऐट होती. "मला मागे घेतलंय. स्वतः पुढे राहून मला मागे घेतलंय, म्हणजे कसला माणूस असेल बघ."

दुसऱ्या कोणी देवाचं नाव घेतलं असतं. मी काचवाला. मी काचेबद्दल विचारलं.

"शीट कशी आहे?"

"मोठी." त्याचे डोळे खिडकीबाहेर गेले. "एवढी कोणी कशी ओतली असेल कळत नाही. एक बुडबुडा नाही. एक लाट नाही. आपण एवढी वर्षं जी वाहिली ना, ती सगळी गढूळ होती रे."

"आणि न्यायची कुठे?"

"विचारायची पद्धत आहे का आपली? चौकट बसेल तिथे."

त्याचा हात लाकडावर वाजत होता.

"माझे दोन नीट जात नाहीत," तो म्हणाला. "हात आपोआप तिसरा देतो, चौथा देतो. त्याला वाटतं मी तयार नाही. मग तो थांबतो. केवढी चीज तोलून उभा आहे तो, आणि माझ्यापायी थांबलाय. त्याचा हात भरून आला असेल. त्याच्याकडून पडली तर?"

"तर काय?"

चेहरा हलला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. कामाचा खोळंबा झाला की पूर्वी तो शिव्या द्यायचा. आता पाणी येत होतं.

"दोन देऊ नकोस," मी म्हटलं. "दिलेस की वजन तुझं. मग माघार नाही."

"ठाऊक आहे मला. नियम तुला मी शिकवला."

"मग देऊ नकोस."

"तू दे."

"मी?"

"दोन तुझेच असतात. तू दे. मी उचलतो."

"मी देणार नाही."

"माझी एक खेप आहे तुझ्याकडे."

मला राग आला. विनोद विनोदच राहू द्यावा. मी उठलो. "ती खेप दुसरीकडे माग. मी तुझ्याकडे बसायला येतो, तुला पोचवायला नाही."

वहिनी येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. घरी जाऊन मी चष्मा काढला, कपड्यांच्या खणात तळाशी घातला आणि अंथरुणावर पडलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. ते बरं वाटलं.

८

पुढे काही दिवस मी चष्म्याशिवाय जात राहिलो. ठोका पडायचा हे मला लांब्याच्या हातावरून कळायचं. हात थांबे, मग दोन, मग गोंधळ. रोज. डॉक्टर बाईंनी तपासलं आणि खूश झाल्या. वजन वाढलं होतं, गोळी चांगली लागू पडत होती. वहिनी कित्येक दिवसांनी आरशासमोर गुणगुणत केस विंचरताना दिसल्या. सगळं ठीक होतं. फक्त दुपारी त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या दिवशी थंडी फार होती, ऊन मात्र स्वच्छ होतं. वहिनी निघाल्या. "अर्धाच कप," म्हणाल्या. लांब्या म्हणाला, "आज शर्ट उपाशी ठेव." त्या हसत जिना उतरल्या. दार नेहमीप्रमाणे उघडंच ठेवलं, मी आत होतोच. अर्धा कप चहा त्याने एक थेंब न सांडता प्यायला.

हात थांबला.

मी चष्म्याशिवाय होतो. तरी मला तो ठोका कळला, कारण तो काचेत पडलाच नाही. जमिनीतून आला, पायांतून वर आला, तळहातात आला. मी जागच्या जागी उभा राहिलो. तो ठोका थकलेला होता. त्याआधी कधी नव्हता. मागचा वाट पाहायला लावतो आणि पुढच्याचे खांदे भरून येतात, तेव्हाचा ठोका मला ठाऊक आहे. तो तसा होता.

लांब्याचं बोट उठलं. टक. एक दिला. दुसऱ्यासाठी बोट वर गेलं आणि तिथेच अडकलं. पाय दारात अडकतात तसं. हवेत, थिजून. खोलीत सगळं त्या एका बोटावर टांगलं होतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. दाराकडे पाहत होता.

माझं पेर खुर्चीच्या पाठीवर पडलं. टक.

मी ठरवलं नव्हतं. ठरवायला थांबलो असतो तर दिला नसता. सारा जन्म एक ठोका ऐकला की हाताने उत्तर दिलं, त्याच हाताने दिलं. दोन पुरे झाले.

लांब्या उठला. खुर्चीच्या हातांचा आधार न घेता, कमरेतून, वजन उचलणाऱ्याने उठावं तसा. डावा हात खाली, उजवा खांद्याच्या वर. उजव्या हाताला कंप नव्हता. मी त्याला इतका उंच कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाठ सरळ झाली होती. डोळे खाली, पुढच्याच्या टाचांवर. मागच्याने पाहावं तिथे. कोणी न शिकवता. आणि तो चालू लागला. पावलं लांब, सावकाश, तालात.

उंबरठ्याशी आला आणि थांबला.

पाय चिकटले. मला त्याचे खांदे दिसले. वजन पुढे जात होतं आणि तो जाऊ शकत नव्हता. उजवा हात थरथरायला लागला. आणि ती थरथर मला ऐकू आली. बारीक गुणगुण, मधमाशी काचेत अडकावी तशी. पण ही गुणगुण खोलीभर होती, जिन्यात होती, छतापलीकडे वर होती. एवढ्या मोठ्या काचेची.

"धर," लांब्या म्हणाला. त्याचा जुना आवाज. जिन्यातला.

मी दोन पावलांत त्याच्या मागे गेलो आणि जिथे त्याचे हात होते तिथे माझे घातले.

वजन आलं. गार काठ तळहातात बसला. मी उघड्या हातांनी तो झेलला आणि गुडघे रोवले. घर उचलावं एवढं ते वजन होतं, आणि तरी त्याला तोल होता. नीट धरलेली शीट कितीही मोठी असो, हातांत तरंगते. ही तरंगत होती. पुढचा इतका नीट धरून होता की मला फक्त साथ द्यायची होती. गुणगुण थांबली. सगळीकडची थांबली.

मग मी पाहिलं. चष्मा नव्हता, खोली पुसट होती, पण ते पुसट नव्हतं. माझ्या चेहऱ्यासमोर काचेची कड होती. काचेची कड हिरवी असते. ती हिरवी रेघ माझ्या हातापासून सरळ वर जात होती, छताशी थांबत नव्हती, आणि तिला वरचं टोक नव्हतं. पुढे ती दारातून बाहेर गेली होती. दाराबाहेर जिना असायला हवा होता. काचेतून पाहिलं तर जिना नव्हता. मोकळं होतं. फार लांबवर मोकळं, आणि उजेड असा की त्यात सावलीला जागाच नव्हती. मी आयुष्यभर काच पुसली. पुसून काय दिसायला हवं होतं ते तेव्हा कळलं.

मी पुढच्याची पाठ पाहिली नाही. मागच्याने पाहायची नसते. मी टाचा पाहिल्या. त्या दूर होत्या. रस्त्याच्या टोकाहूनही दूर होत्या. आणि तेवढ्या दुरून त्या मला जवळच्या माणसाच्या टाचांएवढ्या दिसत होत्या. एवढंच लिहितो. त्या थांबल्या होत्या. आमच्यासाठी थांबल्या होत्या.

माझ्या शेजारी लांब्याने हात झटकले, बोटं उघडली, मिटली. एक दीर्घ श्वास घेतला. मी एकटा धरून होतो. खांदे फाटत होते. सोडायचा विचार मनात आला नाही.

त्याने पाय उचलला आणि उंबरठा ओलांडला. मग वळून माझ्या हातांच्या पुढे आपले हात घातले, आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हसत होता. पोचलं होतं.

"घेतली," तो म्हणाला. "सोड."

मी सोडली.

९

वहिनी आल्या तेव्हा तो उंबरठ्याशी बसलेला होता. पाठ चौकटीला टेकलेली, हात मांडीवर, जिन्याकडे तोंड. खेप टाकून माणूस घटकाभर टेकतो तसा. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो होतो. डॉक्टरांना निरोप गेला होता.

वहिनी खाली बसल्या. त्याचा उजवा हात उचलून दोन्ही हातांत धरला. तो हलत नाही हे त्यांना आधी त्या हातावरून कळलं.

"एकटे होते का?"

"नाही. मी होतो."

"त्रास झाला?"

"नाही."

त्या तो हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "किती शांत आहे हो हात."

डॉक्टर बाई आल्या. सगळं नीट तपासलं. पडल्याची खूण नाही, गळ्यात काही अडकलेलं नाही. पुढे दवाखान्यातही पाहिलं. हृदय ठीक, डोकं ठीक. काही सापडलं नाही. "तुम्हाला मी म्हटलं होतं तसं झालं," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "काका, तुमचे हात थरथरताहेत. दाखवा."

दाखवले. तळहात वळवून पाहिले त्यांनी. एक ओरखडा नव्हता. नीट धरलेली काच खूण ठेवत नाही.

"काही जड उचललंत का?"

"हो," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी पलंगाखालून कपाटाची दारं काढली, गोधडी सोडली आणि एकट्याने परत बसवली. मग लांब्याचे हातमोजे, जे त्याने माझ्या खिशात घातले होते आणि मी एवढी वर्षं सांभाळले होते, ते घडी करून त्याच्या खुर्चीवर ठेवले.

त्याची एक खेप माझ्याकडे राहिली होती. ती फिटली.